पहिल्या गिअरमधलं विमान

मी कंडक्टर आहे. घाई माझ्या अंगात लोणच्यातल्या मिठासारखी मुरलेली. चहा गरम निघाला तर मी कपावर चिडते. फाटकाशी कुणी बोलायला थांबवलं तर माझा हात आपोआप डोक्यावरची घंटीची दोरी शोधतो. अशा बाईला देवानं घरमालक कोण द्यावा? पायरीपासून फाटकापर्यंत यायला वरण शिजेल एवढा वेळ घेणारा माणूस!

बरं, हा माणूस जन्मापासून असा असता तर मी समजून घेतलं असतं. पण कसलं काय! यवतमाळला बदली झाली आणि मी लोहाऱ्याकडच्या एका कॉलनीत खोली घेतली, तेव्हा डेपोतला जुना कंट्रोलर पत्ता ऐकून खुर्चीतून उठलाच. "काय बोलता मॅडम! विमानाच्या घरी राह्यता?" विमान म्हणजे आमचे घरमालक, रिटायर ड्रायव्हर. सगळी नोकरी लाल गाडीवर, त्यातली बरीचशी महागावच्या रस्त्यावर. ते गाडी काढायचे तेव्हा म्हणे म्हाताऱ्या डोळे मिटून घ्यायच्या आणि उतरल्या की आधी जमिनीच्या पाया पडायच्या. बाजार करून येणाऱ्या बाईची वांगी मागच्या सीटखालून सुटली की ब्रेकसरशी ड्रायव्हरच्या पायापाशी हजर. आणि साइड? मागे ट्रक असो, साहेबाची जीप असो, नवरदेवाची गाडी असो, हॉर्न वाजवून वाजवून बॅटरी उतरली तरी विमान बाजूला व्हायचं नाही. हे ते स्वतःच छाती काढून सांगायचे, "अँबुलन्स सोडून कोनाच्या बापाले साइड नाई देल्ली!"

एवढं ऐकून मी कुणी उडता माणूस बघायला मिळेल म्हणून आले होते. पहिल्याच सकाळी ड्युटीला निघाले तर अंगणात एक उंच म्हातारा मान खाली घालून उभा. जरा बघितलं तर उभा नव्हता, चालत होता. एक पाय उचलला, हवेत ठेवला, विचार केला, मग खाली आणला. मला वाटलं, बिचाऱ्याची अंगठी पडली असेल.

"काकाजी, काही हरवलं का?"

"नाई. पाय ठेवून राह्यलो."

"कुठे?"

"खाली," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "टाच. तळवा. बोटं. मंग दुसरा."

त्यांच्या दोन पावलं मागे, हातात काठी घेऊन, काकू होत्या. आदल्या वर्षीच्या पोळ्याच्या सुमाराला काकूंना लकवा मारून गेला होता. बोलणं परत आलं, आणि खणखणीत परत आलं. हातानं पोळी लाटता यायला लागली. उजवा पाय मात्र हट्टाला पेटला होता. तो उचलायचा नाही, घासत यायचा.

तर सगळी गोष्ट या पायाची आहे. कॉलनीतल्या बाया दरवर्षी कार्तिकात आवळी भोजनाला जायच्या. गावाबाहेर पांदणीनं, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेनं, आत गेलं की कुणाच्या तरी शेताच्या धुऱ्यावर एक जुनं आवळ्याचं झाड आहे, त्याच्याखाली पूजा आणि जेवण. या वरातीच्या पुढे वर्षानुवर्षं काकू चालत आलेल्या. आजारपणाच्या वर्षी बायांनी त्यांच्यासाठी वेगळा ऑटो सांगितला, तर काकूंनी ऑटोवाल्याला दारातूनच परत पाठवला. "झाडाजोळ जाईन तं पायानं जाईन. सामानासारखी नाई जाणार." आणि त्या वर्षी घरातच बसून राहिल्या. या वर्षी मात्र जायचंच, असं त्यांनी दसऱ्याच्या आधीपासून धरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, रोज चाला, पण सावकाश, पडलात तर सगळं मुसळ केरात. काकाजींनी त्यातला 'सावकाश' तेवढा उचलला आणि त्याचा धर्म करून टाकला.

आपण हे बायकोसाठी करतो असं मात्र त्यांनी मरेपर्यंत कबूल केलं नसतं. त्यांचं शास्त्र तयार होतं. "शरदात पित्त खवळते. दुपारी ऊन, पहाटे थंडी, झाडायलेही समजत नाई पानं ठेवाव का टाकाव. अशा टायमाले मान्सानं पह्यल्या गिअरमंदी राहा लागते." मी म्हणायचे, काकाजी, पहिल्या गिअरमध्ये जास्त वेळ चालवलं तर इंजिन तापतं. त्यावर ते म्हणायचे, "तुमी तिकीट फाडा मॅडम, गाडी मी पाहातो."

आणि गाडी म्हटली की थांबे आलेच. अंगणातला फेरा संपवून त्यांनी कॉलनीच्या रस्त्यावर मार्ग आखला, आणि त्या मार्गावरच्या झाडांना पत्र्याचे तुकडे सुतळीनं बांधले. त्यावर पिवळ्या रंगात लिहिलेलं: विनंती थांबा. पहिला थांबा कडुनिंबाचा, दुसरा कन्हेरीचा, तिसरा रिकाम्या प्लॉटच्या तोंडाशी, जिथे तरोटा आणि गवत कमरेएवढं माजलेलं. प्रत्येक थांब्याला काम नेमलेलं. निंबाखाली उभं राहून डोळे मिटायचे आणि काय काय ऐकू येतं ते बघायचं. कन्हेरीपाशी कोळ्याच्या जाळ्यावरचं दव बघायचं. प्लॉटपाशी चपला काढून ओल्या गवतात उभं राहायचं आणि तारेवर नीलकंठ बसलाय का ते शोधायचं. नीलकंठ दिसला तर उत्तम, नाही दिसला तर दिसेपर्यंत थांबायचं. काकूंना धाप लागली की हमखास नीलकंठ दिसायचा नाही. त्यांचा श्वास जागेवर आला की म्हणायचे, "चला, उडाला वाट्टे." हे सगळ्या कॉलनीला कळत होतं. काकूंना तर सगळ्यात आधी.

एका सुट्टीच्या दिवशी मलाही त्या गाडीत चढवलं. म्हणाले, तुमच्या अंगातलं पित्त बोलून राह्यलं. मी त्यांच्यामागून टाच-तळवा-बोटं करत गेले. मनात कपडे भिजवलेले, गॅस आणायचा, दळण. मला शांती-बिंती काही लाभली नाही. मला मुंगळा चावला. आता खोटं कशाला बोलू, एक गोष्ट मात्र झाली. आपल्या फाटकाशी पारिजातक आहे हे मला त्या दिवशी कळलं. इतके दिवस मी ती फुलं तुडवत ड्युटीला पळत होते आणि चपलेला नारिंगी डाग कसले पडतात म्हणून चपलावाल्याला बोल लावत होते.

पुण्याच्या मुलानं त्यांना मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं होतं, पावलं मोजणारं. त्यानं तर या माणसापुढे हातच टेकले. काकाजी अख्खी फेरी मारून यायचे आणि ते घड्याळ थरथरून सांगायचं, बराच वेळ बसून आहात, उठा, थोडं चाला! काकाजी ते सगळ्यांना अभिमानानं दाखवायचे. "पाहा, मशीनलेही पत्ता नाई लागू देल्ला." शेजारचे गुरुजी रोज विहारात ध्यानाला जाणारे. त्यांनी एक दिवस कुंपणापाशी उभं राहून ही चाल बघितली आणि भारावून म्हणाले, "अहो, हे तर चंक्रमण! आमच्याकडे भंतेजी हेच शिकवतात. प्रत्येक पावलावर चित्त ठेवायचं." काकाजींनी दुसरा पाय उतरवून मग उत्तर दिलं, "गुरुजी, चंक्रमण मले मालूम नाई. हे हाफ क्लच हाये." दुसऱ्या दिवसापासून गुरुजी त्यांच्यामागे चालायला लागले. तिसऱ्या दिवशी रिटायर तलाठी. आठवड्याभरात आमच्या रस्त्यावर सकाळी अशी मिरवणूक निघायची की दूधवाल्याला गाडी बंद करून ढकलत न्यावी लागायची. एकदा काकू माझ्या कानाशी लागल्या, "पाह्यतं का, माह्यासाठी अख्खी कॉलनी लंगडी करून टाकली या मान्सानं." हसल्या, पण डोळे हसले नाहीत. ते मी तेव्हा बघितलं आणि डबल बेल मारून पुढे गेले.

मग नवरात्र आलं. यवतमाळात नवरात्र म्हणजे काय ते मी सांगायला नको, नऊ दिवस अख्खं शहर देवीच्या मांडवात असतं. आमच्या कॉलनीचं मंडळ लहान, पण हौस मोठी. हळू सायकल स्पर्धा दरवर्षीची. या वर्षी काकाजींनी मंडळाच्या पोरांना पटवलं, ज्येष्ठांसाठी हळू चाल ठेवा. पंच म्हणून कोपऱ्यावरच्या गॅरेजचे चाचा उभे केले, कारण त्यांनी आजवर कुणाचीच बाजू घेतलेली नाही, स्वतःच्या पोराचीसुद्धा. चाचांनी शिट्टी गळ्यात घातली आणि माइकवर नियम सांगितला, "देखो भाऊ, रूल एकच हाये. जिसकी गाडी खडी, वो आउट. जो लास्ट, वो फर्स्ट."

काकू दिवसाउजेडी एवढ्या लोकांत चालायला तयार नव्हत्या. काकाजींनी समजावलं, विनवलं, शेवटी माझ्यादेखत म्हणाले, "अवं, तिथं तुले कोनी हळू म्हननार नाई. तिथं सगळेच हळू." त्या माणसाचा सगळा डाव एवढाच होता. बायकोनं लोकांत चालावं आणि कुणी 'अरेरे' म्हणू नये. काकू गेल्या. नवी साडी नेसून, काठी हातात घेऊन, रेषेवर उभ्या राहिल्या; काकाजी स्वतः न उतरता कडेला.

काय तो तमाशा सांगू! तलाठ्यांचा फोन वाजला आणि ते सवयीनं थांबून बोलायला लागले, आउट. एका आजीला सून दिसली, ती थांबून तिला पदर नीट करायला सांगत बसली, आउट. मंडळाच्या अध्यक्षाचा बाप सावकाश चालूच शकेना, तो तरातरा जाऊन फीत तोडून आला आणि मीच पहिला म्हणून भांडायला लागला. गुरुजी मात्र चित्त एकाग्र करून अगदी मुंगीच्या पायानं चालले. आणि त्यांच्याही मागे काकू. ओठ दाबलेले, कपाळावर घाम, काठी ठक, डावा पाय, मग उजवा घासत. त्यांनी फीत ओलांडली तेव्हा मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. चाचा ओरडले, "काकी, तुमीच जित्त्या!" ढोलवाल्यानं ढोल बडवला. बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. काकाजींच्या डोळ्यांत पाणी. त्यांना वाटलं, आपण जग जिंकलं.

काकू घरी आल्या. पायरीवर बसल्या, घड्याळ बाजूला ठेवलं आणि मग फुटल्या.

"मी पयत होती!"

पयत, म्हणजे पळत होत्या. काकाजींना कळलंच नाही. "काय म्हंतं?"

"मी तं जीव तोडून पयत होती, मालूम हाये का तुमाले? ते सगळे हळू चालाची नक्कल करून राह्यले होते, अन् मी आपली पयत होती. लोकायनं टाळ्या पिटल्या! तुमी माह्या लंगड्या पायाले हार घातला, बाप्पा! आता नाई चालत मी तुमच्या मांग. तुमच्या मांग चालते तं कोनाच्या मयतीत चालल्यावानी वाट्ते."

काकाजी तिथेच उभे. मला त्या दिवशी त्यांची इतकी दया आली की मी ओरडायचं विसरले. ते घड्याळ काकूंनी घरात लावू दिलं नाही. शेवटी माझ्या खोलीत लागलं, आणि गंमत बघा, ते पुढे पळायचं.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी चालणं सोडलं. काकाजी एकटेच निघायचे. थांब्यांवर थांबायचे. नीलकंठ आता लगेच दिसायचा. कोजागिरी गेली, दिवाळी आली, अंगणातली शेवंती फुलून वाकली, आणि काकू खिडकीशी बसून. आवळी भोजन तोंडावर आलं होतं. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली की यंदाही ऑटो सांगून बघायचा का, आणि सांगायचा तर सांगायला जाणार कोण.

अशात एका दुपारी, मी बोरी अरबची फेरी करून खोलीवर आले तर मागच्या गल्लीत ठक-ठक आवाज. बघते तर काकू, भिंतीला धरून. काकाजी समोरच्या खोलीत जेवण करून आडवे झालेले.

"त्याईले सांगू नको," काकू म्हणाल्या. "अन् तू घाईची बाई हायेस नं?"

"हो."

"मंग मले घाईनं चालव."

आता डॉक्टर म्हणतात सावकाश, नवरा म्हणतो सावकाश, आणि ही बाई म्हणते घाई! मी म्हटलं, काकू, पडलात तर काकाजी माझी खोली खाली करतील. त्या म्हणाल्या, "पडली तं उठीन. हळूहळू मेली तं नाई उठणार." मी पदर खोचला. "चला, चला, पुढे सरका! मधे कोण उभंय? आत व्हा, आत व्हा!" माझा हा नेहमीचा आवाज, ज्याच्याबद्दल माझ्याविरुद्ध तक्रारीही झाल्यात. काकू आधी हसायला लागल्या, इतक्या की भिंतीला टेकल्या. मग चालल्या. माझी ड्युटी लवकर सुटली की दुपारी आमची ही फेरी. एकदा पडल्या, गुडघा सोलला, साडीखाली झाकून घरात गेल्या. दुसऱ्या दिवशी परत हजर. पाय घासायचाच, पण आता त्यात एक ठेका आला होता.

एक गोष्ट मला खटकायची. त्या गल्लीत पहिल्या दिवशी हे एवढाले गोटे आणि खिळे-पत्रे होते. मग रोज गल्ली झाडल्यासारखी स्वच्छ. मला वाटलं, नगरपालिकेला उपरती झाली. एवढी वर्षं कंडक्टरकी करूनही मी इतकी भोळी! एका दुपारी समोरच्या खोलीत डोकावले तर काकाजी चादर घेऊन गाढ झोपलेले, आणि पलंगाखाली ताजी ओली माती लागलेला खराटा. मी दार हळूच ओढून घेतलं. ते घोरत राहिले, जरा जास्तच जोरात.

आवळी भोजनाच्या दिवशी मी रजा टाकली. बाया गोवऱ्यांवर भाजायच्या रोडग्यांची कणीक, वांगी, पूजेचं सामान घेऊन पुढे गेल्या. काकू नवरात्रातलीच साडी नेसून पायरी उतरल्या. काकाजी बाजूला येऊन उभे राहिले, टाच-तळवा-बोटंच्या तयारीत. काकूंनी काठी आडवी केली.

"तुमी पुढं व्हा. आपल्या चालीनं जा. पह्यलेच्या."

"अवं, पन..."

"मांग वळून पाह्यलं तं मी वापस जाईन."

काकाजींनी माझ्याकडे बघितलं. मी घंटीवर दोन टोले मारल्यासारखी मान हलवली. आणि काय सांगू, ते निघाले. ढांगा टाकत, हात हलवत, वळणावर न थांबता. विमान मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. कॉलनीतली माणसं दारात आली. गॅरेजमधून चाचा ओरडले, "अरे उस्ताद, ब्रेक फेल हुवा क्या?"

काकूंनी मला दहा पावलं मागे राहायला लावलं, हात लावायची बंदी घातली. निंबाचा थांबा आला. मला वाटलं, आता ही ठसक्यात पुढे जाणार. पण काकू पाटीखाली थांबल्या. धाप लागलेली नव्हती, मी शपथेवर सांगते. डोळे मिटून जरा उभ्या राहिल्या, ऐकलं काय ऐकायचं ते, आणि निघाल्या. कन्हेरीपाशीही थांबल्या. "जाळं मोठं केलं मेल्यानं," म्हणाल्या.

कॉलनी संपली, पांदण लागली. दोन्हीकडे कापूस फुटलेला, तुरी पिवळ्या झालेल्या, पायाखाली ट्रॅक्टरांनी केलेला फुफाटा. अर्ध्या वाटेवर नाल्यावरची छोटी पुलिया आहे. त्या पुलियाच्या कठड्यावर विमान उतरलेलं होतं. चपला काढून ठेवलेल्या, रुमालानं तोंड पुसत, नजर शेतात.

काकू त्यांच्यापर्यंत आल्या. काठी दोनदा आपटली.

"साइड द्या."

काकाजींनी वळून बघितलं नाही. बसल्या जागेवरून उजवा हात बाहेर काढला, जसा ड्रायव्हर खिडकीतून काढतो, आणि पंजा पुढे-पुढे हलवला. जा. रस्ता मोकळा आहे. काकू ठक-ठक करत त्यांना ओलांडून गेल्या. मान ताठ, पदर खांद्यावर, आणि मागे एकदाही न बघता.

मी थांबले. "काकाजी, खरंच दम लागला का?"

"नाई. नीलकंठ पाहून राह्यलो."

"कुठे आहे?"

"तो काय, चाल्ला नं," ते म्हणाले आणि पांदणीकडे बोट केलं. पांदणीवर काकूंशिवाय कुणी नव्हतं. मग त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला, आणि मी कापसाकडे बघत राहिले, कारण कुठेतरी बघायला हवंच होतं.

पुलियावरून आवळा दिसतो. त्याच्याखालचा धूर दिसत होता. बायांनी काकूंना येताना बघितलं आणि एकच गलका झाला. कुणी धावत घ्यायला आली, तर काकूंची काठी वर झालेली आम्हाला इथूनही दिसली. ती बाई जागच्या जागी थांबली. काकू झाडापर्यंत स्वतः गेल्या, खोडाला हात लावला आणि तिथेच टेकून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, चला काकाजी, रोडगे गार होतील, आणि माझ्या चालीनं पुढे धावले.

झाडाखाली पोचेपर्यंत काकूंनी भाजीत मीठ कमी आहे म्हणून दोघींना झाडलंही होतं. मी मागे वळून बघितलं. फुफाट्यात एक डावं पाऊल, एक रेघ, एक डावं पाऊल, एक रेघ, अशी काकूंची वाट उमटलेली होती, आणि काकाजी त्या वाटेच्या कडेनं, गवतातून, चपला हातात घेऊन येत होते. रेघेवर पाय पडू नये म्हणून प्रत्येक पाऊल बघून ठेवत. टाच, तळवा, बोटं. इतकं सावकाश मी त्यांना कधी चालताना बघितलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्यांच्या मागे कुणीच नव्हतं.